कोरड्या हवेतलं यंत्र

एम.एस्सी. करून पुण्याहून परत आले तेव्हा घरच्यांना वाटलं होतं, आता ही बेलापूरच्या शाळेत लागेल आणि वर्षभरात हिचं लग्न होईल. मी मात्र नगरच्या एका कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागले. त्याला कारण झाले तिथले भौतिकशास्त्राचे विभागप्रमुख. मुलाखतीत त्यांनी मला पदवीबद्दल, गुणांबद्दल काही विचारलं नाही. त्यांनी एवढंच विचारलं, "काच घासता येते का?"

मी म्हटलं, "शिकेन."

"मग सोमवारी या. जुने कपडे घालून या."

सर मूळचे काष्टीजवळच्या एका खेड्यातले. शिष्यवृत्तीवर परदेशी गेले, तिथल्या मोठ्या प्रवेगक यंत्रावर बरीच वर्षं काम केलं आणि मग सगळं सोडून परत आले. का आलात असं कुणी विचारलं की म्हणायचे, "तिकडे माझ्यासारखे खूप होते. इकडे एकही नव्हता." यावर हसायचं की नाही ते ऐकणाऱ्याला कळायचं नाही.

त्यांना नगरमध्ये जड आयनांचं प्रवेगक यंत्र बांधायचं होतं. ते काय असतं हे मला नंतर अनेकांना सांगावं लागलं, घरच्यांनासुद्धा, म्हणून सोप्यात सांगायची सवय झाली. अणूतला एखादा इलेक्ट्रॉन काढून घेतला की त्याच्यावर विद्युतभार येतो, तो झाला आयन. मग विजेच्या दाबाने त्याला ढकलता येतं, पळवता येतं आणि दुसऱ्या अणूवर नेऊन आदळता येतं. हायड्रोजनसारखे हलके अणू पळवणारी यंत्रं देशात होती. सरांना नायट्रोजन पळवायचा होता. आमच्या यंत्राच्या दाबाने तो दुसऱ्या अणूच्या गाभ्यापर्यंत पोहोचणार नाही, हे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. "ही नुसती पहिली पायरी," ते म्हणायचे. "आधी धावू तर दे. धावला की पुढचं अनुदान मागू."

दौंड रस्त्याला एक बंद पडलेला तेलघाणा होता. त्याची पत्र्याची शेड कॉलेजने आम्हाला दिली. भिंतींना करडईच्या तेलाचा वास मुरलेला होता. तिथे आम्ही तिघं काम करायचो: सर, मी आणि मिस्त्री. मिस्त्री शहरातल्या एका मुसलमान कुटुंबातले, वयाने सरांहून थोडे मोठे. त्यांचं इंजिनं दुरुस्त करायचं छोटं गॅरेज होतं आणि घरची लेथ होती. सरांनी त्यांना पहिल्यांदा काम दिलं तेव्हा त्यांना वाटलं होतं, हा साखर कारखान्याचाच कुठला तरी भाग असणार. खरं कळल्यावर ते म्हणाले, "न दिसणाऱ्या चिजेसाठी एवढं लोखंड?" पण काम त्यांनी सोडलं नाही.

यंत्राचा घुमट भांडी घडवणाऱ्या कारागिरांकडून ठोकून घेतला. अॅल्युमिनियमचे दोन अर्धगोल, माणूस आत बसेल एवढे. ते हातगाडीवरून शेडकडे नेताना रस्त्यावरची माणसं विचारत होती, कुणाच्या लग्नाची पातेली म्हणून. खालून रबरी पट्टा फिरायचा, तो वीज वाहून घुमटात साठवायचा. घुमटात नायट्रोजनच्या अणूंचे इलेक्ट्रॉन काढायचे आणि ते आयन खाली पळवायचे; घुमटातून खाली उतरणारी त्यांची नळी हा सगळ्यात नाजूक भाग. जाड काचेची कडी आणि त्यांच्यामध्ये मिस्त्रींनी लेथवर कातलेल्या चकत्या, एकावर एक चिकटवत न्यायच्या. प्रत्येक कड्याच्या दोन्ही कडा आरशासारख्या सपाट हव्यात, नाहीतर हवा आत शिरणार. त्या कडा मी घासायचे. सपाट काचेवर घासायची पूड आणि पाणी घेऊन, गोल गोल, सकाळपासून दुपारपर्यंत. बोटांची कातडी गेली. सुट्टीत घरी गेले की आई माझे हात उलटसुलट करून बघायची. एकदा न राहवून म्हणाली, "एम.एस्सी.ला हेच शिकवतात का गं?"

नळी उभी राहायला एक हिवाळा आणि एक उन्हाळा गेला. पहिली तडकली. दुसरी टिकली.

यंत्र उभं राहिलं आणि त्याच सुमाराला पाऊस थांबला. आदल्या वर्षी कमी झाला होता, बहात्तर साली जवळजवळ झालाच नाही. शेडपासून हाकेच्या अंतरावर एक वस्ती होती, तिथल्या विहिरीचा तळ दिसायला लागला. शेडच्या पुढे रस्त्याच्या कडेला दुष्काळी काम निघालं. वस्तीतल्या बायका आणि पुरुष उन्हात खडी फोडायला बसले. हातोड्यांचा आवाज दिवसभर शेडमध्ये यायचा.

आणि आमच्या यंत्राला असली हवा कधी मिळाली नव्हती. दमट हवेत घुमटावरची वीज टिकत नाही, आपोआप गळून जाते. आधीच्या पावसाळ्यात नुसता घुमट आणि पट्टा चालवून बघताना आम्ही पट्ट्याला ऊब देऊन देऊन थकलो होतो. आता हवा इतकी कोरडी होती की घुमट भरायचा आणि भरलेला राहायचा. जवळ गेलं की हातावरचे केस उभे राहायचे. विजेचा दाब दाखवणारा काटा सरांच्या अपेक्षेच्या पुढे गेला त्या दिवशी ते त्याच्याकडे बघत उभे राहिले. मग म्हणाले, "हे कुणाला सांगू नकोस."

"का, सर?"

"आनंद झालाय म्हणून." आणि ते बाहेर निघून गेले.

पण यंत्राला पाणीही लागायचं. नळीतली हवा काढायला दोन पंप होते. एक साधा, फिरता. दुसरा तेलाचा. त्यात तेल उकळायचं आणि त्या तेलाची वाफ उरलीसुरली हवा खाली ढकलायची. या पंपाच्या अंगाभोवती थंड पाणी सतत फिरवावं लागे. ते तापलं की तेलाची वाफ उलटी वर चढून नळीत जाणार. वसतिगृहाला येणाऱ्या टँकरमधून प्राचार्यांनी आम्हाला एक पिंप मिळवून दिलं होतं. तेच पाणी आम्ही फिरवून फिरवून वापरायचो. सकाळी थंड असायचं, दुपारपर्यंत हात घालवत नसे. मग काम बंद.

शेडमध्ये पिंप जाताना वस्तीने पाहिलंच. एक दिवस खडीच्या कामावरची एक बाई रिकामा हंडा घेऊन दारात उभी राहिली. तिशीतली असेल. डोक्याला फडकं, भुवयांवर दगडाची धूळ.

"मास्तर, तुमच्या इंजनाला पानी लागतं म्हनं रोज."

सर म्हणाले, "रोज लागत नाही. तेच तेच फिरतं. खर्च होत नाही."

"मंग आमी बी पिऊन परत आनून देतो की."

मिस्त्रींना हसू आलं, पण ते वळून उभे राहिले. सरांनी क्षणभर पिंपाकडे पाहिलं आणि म्हणाले, "भर." ती भरत असताना ते तिला सांगत होते, की हे पाणी गंजलेल्या नळीतून गेलंय, गाळून उकळून घे. ती "व्हय, व्हय" म्हणत होती. तिचं लक्ष फक्त हंड्याच्या काठाकडे होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेडपुढे सगळी वस्ती होती. हंडे, कळश्या, डबे. पिंपात होतं नव्हतं ते पाणी काही घरांना जेमतेम पुरलं असतं. सरांनी रांग लावायला सांगितलं. रांग लागली नाही. कुणीतरी पिंप ओढलं, कुणीतरी ढकललं आणि ते आडवं झालं. जमिनीवर सांडलेलं पाणी बायका ओंजळींनी, पदरांनी टिपत होत्या, आणि बघता बघता ते मातीत गेलं. कालच्या त्याच बाईचा हंडा चेंगरून वाकडा झाला होता. ती सरांसमोर येऊन उभी राहिली.

"काल दिलंच नसतं तर बरं झालं असतं, मास्तर. माजा हंडा तरी नीट ऱ्हायला असता. सगळी वस्ती मला शिव्या द्यायलीय."

 तिला नवा हंडा घेऊन द्यावा म्हणून सरांनी मिस्त्रींना बाजारात पाठवलं. तिने तो घेतला नाही. पुढे ती कामावर येता-जाता शेडकडे बघायचीसुद्धा नाही.

प्राचार्यांनी दाराला कुलूप आणि बाहेर पहारेकरी दिला. दिल्लीहून अनुदानाची समिती येणार होती, काम थांबवायचं नाही, असं बजावलं. पिंप पुन्हा भरून आलं, तेही ताडपत्रीखाली झाकून. बाहेर हातोडे चालायचे आणि आत आमचं पाणी फिरायचं. सर त्या दिवसांत जेवणाचा डबा न उघडता परत न्यायचे.

मार्चमध्ये एका सकाळी आम्ही सगळ्या खिडक्यांवर गोणपाटं ठोकली. शेडमध्ये अंधार केला. नळीच्या खाली, आयनांची वाट वळवणाऱ्या विद्युतचुंबकापलीकडे, क्वार्ट्झ स्फटिकाची छोटी चकती बसवली होती. आयन तिच्यावर आदळले की ती चमकणार. सर चुंबकाचा विद्युतप्रवाह शून्यापासून हळूहळू वाढवत होते आणि मी काचेच्या झरोक्याला डोळा लावून बसले होते. प्रवाह सुरू होऊन थोडासाच वाढला असेल, तेवढ्यात चकतीवर निळसर ठिपका उमटला. अगदी फिका, ज्वारीच्या दाण्याएवढा.

"सर!"

ते आले, वाकले, बघितलं. मग मिस्त्रींना बोलावलं. मिस्त्रींनी एक डोळा मिटून पाहिलं आणि म्हणाले, "या अल्ला. दिसतंय की." आम्ही तिघंही त्या अंधारात एकमेकांना सरक म्हणत, ढकलत, पुन्हा पुन्हा बघत राहिलो. पाणी तापलं तेव्हाच थांबलो. मिस्त्रींनी कुठून तरी पेढे आणले. सरांनी पेढा खाल्ला आणि माझ्या डोक्यावर हात ठेवला. माझ्या वडिलांनीही कधी तसा ठेवला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी शेडवर पोहोचले तेव्हा सर आधीच आलेले होते. स्टुलावर बसून नुसते चुंबकाकडे बघत होते.

"काल प्रवाह किती होता?" त्यांनी विचारलं.

मी सांगितलं.

"नायट्रोजनला एवढ्यात वळवता येईल का?"

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. जड आयन वळवायला चुंबक जोरदार लागतो. ठिपका जर इतक्या कमी प्रवाहाला दिसला, तर वळलेला तो अणू हलका होता. अगदी सगळ्यात हलका. पंपाच्या तेलाची वाफ आणि नळीला चिकटलेला ओलावा वर जात होता, घुमटात फुटत होता, आणि त्यातला हायड्रोजन खाली धावत येत होता.

गोणपाटं अजून तशीच होती. आम्ही यंत्र सुरू केलं. हायड्रोजनच्या जागी ठिपका आला. मग सर प्रवाह वाढवत गेले, नायट्रोजनच्या जागेपर्यंत, त्याच्याही पुढे, परत मागे. चकती काळीच राहिली; त्या वाफेच्या गर्दीत नायट्रोजन खालपर्यंत पोहोचतच नव्हता.

"आपल्याच घाणीचा झोत काढला आपण," सर म्हणाले. चिडून नाही. एखाद्या विद्यार्थ्याला त्याची चूक दाखवावी तसं.

उपाय होता, पण तो नगरमध्ये नव्हता. पंप आणि नळीच्या मध्ये अतिशय थंड भांडं ठेवलं की तेलाची वाफ त्यावर गोठून बसते. त्यासाठी द्रवरूप नायट्रोजन लागतो. तो आणायला मी पुण्याला गेले. ओळखीच्या एका प्रयोगशाळेने मोठा थर्मास भरून दिला. एस.टी.त तो मांडीवर घेऊन बसले, तर झाकणाच्या फटीतून वाफ निघायची. कंडक्टर दोनदा येऊन बघून गेला.

"बाई, बॉम्ब न्हाई ना?"

"थंडी आहे हो नुसती," मी म्हटलं.

"मंग उघडा की जरा, लई उकडतंय!" मागून कुणीतरी ओरडलं आणि गाडीभर हशा झाला. मीही हसले. शिरूरच्या पुढे गाडी बंद पडली. उन्हात ताटकळत दुसऱ्या गाडीची वाट पाहिली. नगरला पोहोचले तेव्हा थर्मास बराचसा हलका झाला होता.

जे उरलं होतं ते आम्ही तडक भांड्यात ओतलं. नळीतल्या हवेचा दाब दाखवणारा काटा कधी नव्हे इतका खाली गेला. सरांचा हात चुंबकाच्या बटणावर होता. ते प्रवाह वाढवत नायट्रोजनच्या जागेकडे निघाले होते, आणि वीज गेली.

त्या वर्षी धरणांतही पाणी नव्हतं, वीज केव्हाही जायची. पण आमच्या यंत्रात वीज गेली की धावपळ करून दोन्ही पंपांमधली झडप हाताने बंद करावी लागे. नाहीतर फिरता पंप थांबताच त्यातून हवा उलटी शिरायची आणि उकळतं तेल वर फेकायची. मिस्त्री अंधारात पळाले, झडपेपर्यंत पोहोचले, ती अर्ध्यात अडकली. त्यांनी अंगाचा जोर लावून फिरवली, पण तोवर उशीर झाला होता. गोणपाटं काढून उजेडात बघितलं. मी घासलेल्या कड्यांवर आतून तेलाचा पिवळट थर चढला होता.

नळी उघडून साफ करायची तर सांधे सुटणार, पुन्हा चिकटवायला महिने लागणार. समिती पुढच्या आठवड्यात येणार होती. सरांनी नळी तशीच ठेवली.

त्या आठवड्यात प्राचार्य शेडवर आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ठिपका दिसतो ना? मग ठिपका दाखवा. कशाचा आहे ते कोण विचारतंय?"

मिस्त्रीही नंतर हळूच म्हणाले, "सर, ते बरोबर बोलले. पैशे येऊ द्या. मग खरा काढू आपन."

सर "बघू" म्हणाले.

समितीत दोघं होते. एक वयस्क, एक तरुण, दोघंही सुटात, घामाने भिजलेले. ठिपका आला. वयस्क गृहस्थ झरोक्यातून बघून खूश झाले. "एवढ्याशा जागेत, असल्या दिवसांत," ते इंग्रजीत म्हणाले, "हे मोठंच काम आहे." त्यांनी सरांशी हात मिळवला. प्राचार्यांनी माझ्याकडे बघून समाधानाने मान हलवली. सरांनी अजून त्या गृहस्थांचा हात सोडला नव्हता. मला वाटलं, झालं, वाचलो.

"हा नायट्रोजन नाही," सर म्हणाले. "हायड्रोजन आहे. तेलाचा. नायट्रोजन अजून आम्हाला दिसलेला नाही."

वयस्क गृहस्थांनी आपला हात सोडवून घेतला. मग त्या तरुणाने विचारलं, "विजेचा दाब थोडा वाढवून बघायचा का?" सर नको म्हणू शकले असते. त्यांनी वाढवला. तेलाचा थर बसलेल्या नळीत वरून खालपर्यंत ठिणगी सरसरत आली, चाबूक मारल्यासारखा आवाज झाला आणि मधलं कडं फुटलं. बाहेरची हवा शीळ घालत आत घुसली. पाहुणे दाराकडे सरकले. मिस्त्रींनी एकेक बटण बंद केलं. नंतर चहा झाला, तो सगळ्यांनी उभ्यानेच घेतला.

सर खरं बोलले म्हणून त्यांना आजवर अनेकांनी थोर म्हटलं आहे. मला त्या दिवशी त्यांचा भयंकर राग आला होता. माझ्या हातांचा, मिस्त्रींच्या कामाचा, त्या सांडलेल्या पाण्याचासुद्धा एकट्याने निकाल लावायचा त्यांना काय अधिकार होता? तो राग माझ्या मनातून पूर्ण गेला असं आजही म्हणवत नाही.

अनुदान थांबलं. मिस्त्रींना कर्जत तालुक्यात बोअर घेणाऱ्या यंत्रांच्या दुरुस्तीचं काम मिळालं. मिरजगावला मुक्काम, रोज एका गावाला खोदाई. जायच्या आदल्या दिवशी ते शेडवर आले. सर फुटलेलं कडं हातात घेऊन काही मापत होते.

"सर, आता दुसरी नळी माझ्याच्यानं न्हाई व्हायची."

"माझ्याच्यानंही नाही," सर म्हणाले. "तिकडे पाणी लागतं का?"

"लई खोल जावं लागतं. निम्म्या बोअरला नुसता फुफाटा निघतो."

पुढे कॉलेजला दुष्काळी मदतीचं धान्य ठेवायला जागा हवी होती, तेव्हा शेड रिकामी करायला सांगितलं. लाल मिलोची, अमेरिकेहून आलेल्या ज्वारीची, पोती येऊन पडली. आम्ही यंत्र सुटं केलं. काही भाग प्रयोगशाळेच्या कपाटात गेले, बाकीचे पोत्यांमागे भिंतीला टेकवले. त्या वर्षी पाऊस बरा झाला, आणि पत्र्याच्या गळतीने ते गंजले. सरांनी नंतर कुठल्याच संशोधनाला अर्ज केला नाही. निवृत्त होईपर्यंत पहिल्या वर्षाच्या मुलांना प्रकाशकिरण आणि भिंगं शिकवली. चांगली शिकवली, असं मुलं सांगायची.

मी चौऱ्याहत्तर साली कॉलेज सोडलं. लग्न झालं, आणि शेवटी बेलापूरजवळच्याच एका शाळेत लागले, आईला हवं होतं तसं.

बऱ्याच वर्षांनी कळलं, सरांना अर्धांगाचा झटका आलाय. भेटायला गेले. खिडकीशी खाटेवर बसले होते, एक हात उशीवर ठेवलेला. त्यांच्या पत्नीने, बाईंनी, मोठ्याने माझं नाव सांगितलं. त्यांनी ओळखलं. तोंड एका बाजूला ओढलं होतं, शब्द सावकाश यायचे.

"काय शिकवतेस?"

"नववी-दहावीचं विज्ञान, सर."

"अणू?"

"हो. नववीला आहे."

"काय सांगतेस?"

मी पुस्तकात असतं ते सांगितलं. मध्ये गाभा, भोवती इलेक्ट्रॉन, आणि बाकी सगळी रिकामी जागा. ते लक्ष देऊन ऐकत होते. माझं संपलं तरी बघत राहिले, अजून काहीतरी यायचं असल्यासारखे.  बाईंनी वाटीत पेज आणली, त्यांच्या गळ्याशी रुमाल लावला आणि चमचा तोंडाशी नेला. निम्मी पेज हनुवटीवरून ओघळली. ती पुसता पुसता बाई मला म्हणाल्या, "तुझी गाडी चुकेल हो, निघ तू." मी सरांच्या पायांना हात लावला. पाय गार होते. मी निघाले.